जुनं बाथरूम फोडून नवं करायचंय, ठेकेदार कसा पारखायचा? (अमळनेर / जळगाव / धुळे)

केळफूल
नमस्कार मंडळी. अमळनेरला आई-आप्पांचं घर आहे. लोड बेअरिंग (सगळा भार भिंतींवर), वर एक मजला. वरचं बाथरूम आतून ५ बाय ७ फूट, घराइतकंच जुनं, म्हणजे पंचवीसेक वर्षांचं. खालच्या खोलीच्या छताला ओल येते आणि पोपडे निघतात. आता सगळं फोडून नवं करायचं: भारतीय भांड्याऐवजी कमोड, नवे पाइप, टाइल्स, गीझरचा पॉइंट.

तिघांकडून आकडे घेतलेत. पहिला म्हणतो, "ताई, एकच रक्कम, सगळं माझ्याकडे." दुसरा फक्त मजुरी सांगतो, तीही स्क्वेअर फुटावर, माल आपला. तिसरा टाइल्सच्या दुकानदाराने दिलेला माणूस. त्याचा आकडा सगळ्यात कमी, पण टाइल्स त्याच दुकानातून घ्यायच्या. तिघांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे आणि तुलना कशी करायची तेच कळत नाही. मी नाशिकला असते, रोज साइटवर उभं राहणं शक्य नाही. निवडताना नेमकं काय बघू?

भरीत_पार्टी
आधी भाव सांगा, मग आम्ही महाग की स्वस्त ते सांगतो :)

पाणसळ
भाव सांगून काही उपयोग नाही. "अमुक रुपये फूट" यात काय मोजलंय तेच कुणाला माहीत नसतं. एक जण दाराची जागा वजा करून मोजतो, दुसरा अख्खी भिंत धरतो. कोपऱ्याला ४५ अंशात टाइल घासून जोड मारायचा तर तो रनिंग फुटाने वेगळा. निश (भिंतीतला कोनाडा), खिडकीच्या कडा, उंबऱ्याची पट्टी हेही वेगळं. तुमच्या दुसऱ्या माणसाचा दर कमी दिसत असेल तर बाकीचं कुठे लपलंय ते विचारा.

तिघांना एकच कागद द्या आणि त्याच कागदावर आकडे भरून मागा. त्यात तोडफोड, मलबा खाली उतरवणं आणि ट्रॉलीने नेणं, वाळू-सिमेंट वर चढवणं, नळाचे पाइप, सांडपाण्याचे पाइप, कोबा, वॉटरप्रूफिंग, भिंतीचं प्लास्टर, टाइल्स, ग्राउट (टाइल्सच्या सांध्यातला मसाला), भांडी-नळ बसवणं, वीज आणि दार हे सगळं वेगवेगळ्या ओळीत. प्रत्येक ओळीपुढे माल कुणाचा, मजुरी कुणाची. "सगळं त्यात आलं" म्हणणाऱ्याचे निम्मे रकाने रिकामे राहतात, ते बघण्यासारखं असतं.

मलब्याचंच घ्या. सनकन स्लॅब (खोलीच्या पातळीपेक्षा खाली टाकलेला) असेल तर ३५ चौरस फुटांवर ९ इंच भराव म्हणजे साधारण २६ घनफूट. भिंतीच्या टाइल्स आणि प्लास्टर मिळून आणखी १५-१६. फुटल्यावर तो फुगतो, म्हणजे ५५ ते ६० घनफूट धरा. अर्ध्या ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे १०० घनफूट). वजन दोन टनांच्या पुढे, आणि हे सगळं जिन्याने उतरणार. ज्याने ही ओळ लिहिलीच नाही तो तिसऱ्या दिवशी "हमाली अलग" म्हणणार. आणि मलबा वरच्या खोलीत एका जागी ढीग घालून ठेवू देऊ नका, जुना स्लॅब आहे.

सातपुडा_एक्सप्रेस
पाणसळभाऊंना +१. माझी भर एवढीच की झालेलं काम बघायला जाऊ नका, चालू असलेलं बघा. नवीन टाइल्स सगळ्यांच्याच चकचकीत दिसतात. ज्या साइटवर पाइप उघडे आहेत आणि टाइल अजून लागलेली नाही, तिथे घेऊन चल म्हणा. सीपीव्हीसीचे (नळाच्या प्लास्टिक पाइपांचे) जोड सरळ आहेत का, भिंतीतला खाचा कटरने दोन रेघा मारून काढलाय की नुसत्या छिन्नीने भिंत उसवलीय, उघड्या पाइपांची तोंडं बुचाने बंद आहेत का. ठेकेदार तोंडी कितीही गोड असला तरी हे लपत नाही.

झालेलं बघायलाच गेलात तर एक रुपयाचं नाणं न्या आणि टाइल्सवर ठोका. कोपऱ्यांवर ठोकायचं, मध्ये नाही. पोकळ आवाज कोपऱ्यातच येतो. मग दाराजवळ मगभर पाणी ओता. ते नाहणीकडे (सांडपाण्याच्या जाळीकडे) गेलं पाहिजे, कमोडमागे डबकं करून बसलं नाही पाहिजे.

खापरावरचे_मांडे
ताई, आखाजीना (अक्षय तृतीया) आगोदर काम सुरू करशात तं मिस्तरी आखाजीले गावले जाई आनि बाथरूम उघडं पडी. तारीख बघीसन सुरू करा भो.

भरीत_पार्टी
आखाजी, लग्नसराई, कानबाई, पोळा, दिवाळी. वर्षात काम करायचे दिवस शोधण्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

ओळंबा
ठेकेदार नंतर. आधी ओल कुठून येतेय ते शोधा, कारण ज्याला ते शोधता येत नाही त्याला काम देऊ नका. हीच पहिली परीक्षा.

बाथरूम दोन-तीन दिवस अजिबात वापरू नका, पण टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह चालू ठेवा. ओल तशीच राहिली किंवा वाढली तर भिंतीतला दाबाचा पाइप गळतोय. जुन्या घरात तो जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) असतो. आपल्या बोअरच्या क्षाराने आतून बुजतो आणि आट्यांजवळ सडतो. ओल वाळायला लागली तर दोष सांडपाण्याच्या बाजूला आहे. मग नाहणीच्या तोंडात चिंधी कोंबून जमिनीवर इंचभर पाणी साठवा. खाली ठिबकलं तर फरशी आणि कोबा गेलाय. नाही ठिबकलं तर चिंधी काढून नीळ घातलेलं पाणी ओता. खाली निळा डाग आला की नाहणी किंवा तिच्या पाइपचा जोड. संडासच्या भांड्यालाही तसंच, पण वेगळ्या दिवशी. दोन्ही एकदम केलंत तर काही कळणार नाही.

तुमच्या तिघांपैकी कुणी खालच्या खोलीत जाऊन छत बघितलं का? ज्याने नुसता टेप लावून आकडा दिला तो टाइल्स लावणारा आहे. बाथरूम करणारा नव्हे.

मिरची_ठेचा
एवढी फोडाफोडी कशाला? जुन्या टाइल्सवरच नवीन चिकटवायच्या. ॲडेसिव्ह मिळतं त्यासाठी. मलबा नाही, वेळ निम्मा.

ओळंबा
@मिरची_ठेचा, ओल नसती तर हो म्हणालो असतो. टाइलवर टाइल ही फक्त रूप बदलायची पद्धत आहे. इथे खालचं छत गळतंय. वरून झाकलं तर पाणी आतल्या भरावात तसंच फिरत राहणार. शिवाय फरशीवर आणखी अर्धा इंच चढला की दाराशी उंबरा उरत नाही आणि जुन्या नाहणीची जाळी खड्ड्यात जाते.

मिरची_ठेचा
ओल असताना नको, हे मान्य. पण कोरड्या बाथरूमला लोक उगाच फोडतात, हे तरी मान्य कराल की नाही?

ओळंबा
ते शंभर टक्के.

गिरणाकाठ
वॉटरप्रूफिंगवर लिहितो, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथेच होते आणि टाइल लागली की पुरावा उरत नाही.

मिस्तरी ज्याला "वॉटरप्रूफिंग करतो ना" म्हणतो ते पुष्कळदा सिमेंटच्या गोणीमागे २०० मिली लिक्विड टाकणं एवढंच असतं. त्याने मसाला घट्ट होतो, पण तो पडदा नव्हे. खरा क्रम असा. भराव काढून स्लॅब ब्रशने साफ करायचा. पाइप स्लॅबमधून जातो तिथली जागा खोदून नॉन-श्रिंक ग्राउटने भरायची. वाळू-सिमेंटने भरली तर ती सुकताना आकसते आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते, पाणी तिथूनच उतरतं. भिंत आणि स्लॅबच्या कोनात मसाल्याची गोलाई करायची. त्यावर पावडर-लिक्विड मिसळून होणारं पॉलिमर कोटिंग, दोन हात, पहिला उभा आणि दुसरा आडवा. कोपऱ्यात आणि नाहणीभोवती फायबरची जाळी दोन हातांच्या मध्ये. मग कोबा, कोब्यावर उतार, आणि उतारावर पुन्हा तेच कोटिंग. भिंतीला फरशीच्या वर निदान एक फूट, शॉवरच्या बाजूला सहा-सात फूट.

५ बाय ७ ला हिशोब करा. तळ ३५ चौरस फूट, परीघ २४ फूट म्हणजे एक फुटी कड २४, आणि शॉवरच्या कोपऱ्याचे आणखी ४०. साधारण १०० चौरस फूट झाले. दोन हातांना पावडर-लिक्विड मिळून १५ किलोच्या आसपास माल जातो, आणि हा फक्त एका थराचा. ठेकेदार एक लिटरचा डबा घेऊन आला तर काय समजायचं ते समजा.

आणि पाणी तुंबवून चाचणी. दोन्ही वेळा. कोटिंग वाळल्यावर (डब्यावर मुदत लिहिलेली असते) नाहणी बंद करून २-३ इंच पाणी ४८ तास. पेन्सिलने भिंतीवर रेघ मारायची. उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी नुसतं उडूनही कमी होतं, मग ठेकेदार म्हणतो "गळालं नाही, आटलं". म्हणून शेजारी तेवढ्याच खोल पाण्याची एक पसरट घमेली ठेवा, तिलाही रेघ. दोन्ही सारखी उतरली तर आटलं. फरशीची जास्त उतरली तर गळालं. वाद संपला.

केळफूल
बापरे. तिघांपैकी एकानेही पाणी तुंबवण्याचा उल्लेख केलेला नाही. पहिला म्हणतो "आम्ही केमिकल मारतो, गॅरंटी आहे." गिरणाकाठ, भराव विटांच्या तुकड्यांचाच करायचा का? वजनाची भीती वाटते.

गिरणाकाठ
जुन्या स्लॅबवर वीट-तुकड्यांऐवजी हलक्या एएसी ब्लॉकचे तुकडे भरा, वजन निम्म्याहून कमी होतं. फक्त ते पाणी फार पितात, म्हणून खालचं कोटिंग चुकवून चालणार नाही. आणि सनकनच्या तळाशी, बाहेरच्या भिंतीतून एक इंची पाइप काढून ठेवा, तोंड उघडं. पुढेमागे भरावात पाणी शिरलंच तर ते छतातून न येता बाहेर ठिबकेल आणि तुम्हाला लगेच कळेल.

"केमिकल"चं नाव काय, किती किलो, किती हात, हे लिहून मागा. गॅरंटी नंतर.

वायरमन_धुळे
वीज कुणीच धरत नाही म्हणून लिहितो. दोन किलोवॅटचा गीझर साधारण ९ अँपिअर ओढतो, तीन किलोवॅटचा १३. त्याला मीटरपासून वेगळी ४ चौरस मिमीची तांब्याची लाइन, वेगळा एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच). स्विच बाहेर. जुन्या लाइटच्या वायरवर गीझर जोडणारा ठेकेदार असेल तर त्याला हात जोडा.

दुसरं, अर्थिंग. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. अर्थिंगच नसेल किंवा नावापुरतं असेल तर आरसीसीबीला पाइपमधून माणसाच्या अंगातून करंट जाईपर्यंत काही कळत नाही. काम सुरू होण्याआधी अर्थिंग मोजून घ्या, आणि परवानाधारक वायरमनकडूनच. प्लंबरचा भाचा नको.

भरीत_पार्टी
प्लंबरच्या भाच्याचा निषेध नोंदवतो. आमच्याकडे तोच इंटरनेटही जोडून देतो.

तापीतीर
टाइल्सची खरेदी. तिसऱ्याचा आकडा कमी का, तर मजुरीची कसर तो टाइल्सच्या दरात आणि पेट्यांच्या संख्येत काढणार. म्हणून पेट्या तुम्हीच मोजा.

परीघ २४ फूट, टाइल ७ फुटांपर्यंत, १६८ चौरस फूट. दार अडीच बाय सात, साडेसतरा वजा. राहिले दीडशे. दहा टक्के तूट धरून १६६. ३०० बाय ६०० मिमीची टाइल, पेटीत ५ नग असतील तर पेटी ९.६८ चौरस फुटांची. म्हणजे १८ पेट्या. फरशीला ३५ अधिक दहा टक्के, साडेअडतीस. ३०० बाय ३००, पेटीत १० नग असतील तर ४ पेट्या जेमतेम, म्हणून ५ घ्या. दुकानदार २५ आणि ८ म्हणाला तर कागद पुढे करा. पेटीत नग किती ते मात्र पेटीवर वाचा, कंपनीप्रमाणे बदलतं.

बहुतेक माल मोरबीचा असतो. पेटीवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो, तो सगळ्या पेट्यांवर एकच पाहिजे. नंतर दोन पेट्या कमी पडल्या तर त्या शेडच्या मिळतीलच असं नाही, म्हणून एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर टाका.

फरशीला मोठी गुळगुळीत टाइल घेऊ नका. आई-आप्पा वापरणार ना? अँटिस्किड आणि लहान आकाराची घ्या. जोड जास्त तेवढी पकड जास्त, आणि उतारही लहान टाइलमध्ये नीट निघतो. २ बाय ४ फुटांची टाइल नाहणीकडे चारी बाजूंनी उतरवायची तर कापावीच लागते.

सातपुडा_एक्सप्रेस
आणि भिंतीला व्हिट्रिफाइड घेणार असाल तर सिमेंटच्या घोळात चिकटवू देऊ नका. ती पाणी पीतच नाही (०.५ टक्क्यांच्या आत), मग सिमेंट धरणार कशाला? टाइल ॲडेसिव्हच लागतं. २० किलोच्या गोणीत साधारण ४०-५० चौरस फूट होतात, दातेरी थापीने पसरून. पाच ठिपके लावून टाइल दाबणारा मिस्तरी दिसला की तिथेच थांबवा. मागची पोकळी म्हणजे पुढे कोपरा तुटणारच.

अंजनी
क्षाराबद्दल कुणी बोललं नाही. अमळनेरला नगरपालिकेचं पाणी येत नाही त्या दिवशी बोअरच ना? बोअरच्या पाण्याचा जडपणा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर असेल तर काळ्या मॅट टाइल्स, काळे नळ आणि काचेचं पार्टिशन तिन्ही विसरा. आठवडाभरात पांढरं नकाशाकाम होतं. फिकट राखाडी किंवा बदामी रंगावर डाग दिसत नाहीत.

शॉवर घ्यायचा तर रबरी बोंडांचा, अंगठ्याने चोळला की क्षार निघतो. नळाच्या तोंडची जाळी हाताने उघडणारी घ्या. ग्राउट निदान फरशीला आणि शॉवरच्या भिंतीला इपॉक्सीचं. साधं सिमेंटचं ग्राउट ॲसिडने धुतलं की विरघळतं, आणि आपल्याकडे दर दिवाळीला लोक ॲसिड ओततातच.

मिरची_ठेचा
काळ्या टाइल्सवाले हा धागा वाचून रडत असतील.

भरीत_पार्टी
रडू नका, तेही पाणी क्षाराचंच.

केळफूल
:D अंजनीताई, काळा रंग रद्द. आता दोन प्रश्न. पहिल्या ठेकेदाराने मोठा गोल रेन शॉवर आणि डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा, भिंतीत बसणारा व्हॉल्व्ह) सुचवलाय. टाकी गच्चीवर, चार फुटांच्या चौथऱ्यावर आहे. चालेल? आणि पैसे कसे द्यायचे? तो निम्मे आगाऊ मागतोय.

ओळंबा
शॉवरचं गणित. टाकीचा तळ बाथरूमच्या फरशीपासून साधारण १४ फूट, शॉवरचं तोंड ७ फुटांवर. राहिले ७ फूट. १० मीटर उंचीला १ बार दाब धरतात, म्हणजे तुम्हाला ०.२ बार मिळतोय. रेन शॉवरला निदान अर्धा बार तरी लागतो. प्रेशर पंप नसेल तर मध्यभागी चार धारा पडतील आणि कडेची बोंडं कोरडी. पंप लावायचा तर गीझर किती दाबाचा आहे तेही बघावं लागतं, आणि लाइट गेली की पुन्हा बादली. आई-आप्पांसाठी साधा हातशॉवर आणि बादलीचा नळ पुरे. टाकीपासून एक इंच, बाथरूमपर्यंत पाऊण, नळाला अर्धा, एवढं पाइपचं माप ठेवा. सगळीकडे अर्धा इंची टाकून पैसे वाचवणारेही आहेत.

डायव्हर्टर घेतलाच तर त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या रेघा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन रेघांमध्ये यायला हवा. प्लंबर उघड्या विटेपासून मोजतो आणि प्लास्टर, ॲडेसिव्ह, टाइल मिळून पुढे इंचभर वाढतं, हे विसरतो. मग चकती बसत नाही, आणि भिंत पुन्हा फोडायची वेळ येते. कमोडचंही तेच. खरेदी आधी, पाइप नंतर. वरच्या मजल्यावर पी-ट्रॅप घ्या, म्हणजे पाइप बाहेरच्या भिंतीतून जातो आणि स्लॅबला नवं भोक पडत नाही.

पाइप भिंतीत गेले की प्लास्टरच्या आधी हातपंपाने दाब चाचणी. सोल्युशन लावून २४ तास झाल्यावर, ६-७ बार चढवून निदान दोन तास काटा हलता कामा नये. चाचणीचा पंप ज्या प्लंबरकडे नाही त्याने तो भाड्याने आणावा. मग मोजपट्टी भिंतीला धरून फोटो काढून ठेवा. पुढे कुणी ड्रिल मारायला आलं की उपयोगी पडतो.

पाणसळ
निम्मे आगाऊ अजिबात नाही. दहा टक्के देऊन सुरुवात, मग काम पुढे सरकेल तसे. तोडफोड आणि पाइपची चाचणी झाल्यावर पंचवीस, पाणी तुंबवण्याची चाचणी पास झाल्यावर पंचवीस, टाइल्स लागल्यावर वीस, नळ-भांडी बसून सगळं सुरू झाल्यावर दहा, आणि शेवटचे दहा महिनाभर वापर झाल्यावर. माल आपला असेल तर दुकानदाराला थेट पैसे द्या, ठेकेदाराच्या हातून नको. पक्कं बिल मागितलंत तर त्यावर १८ टक्के जीएसटी येईल, तो आकड्यात धरलाय का ते आधीच विचारा.

कळण्याची_भाकरी
पाणसळभाऊ, हे मुंबई-पुण्याला ठीक. इथे मिस्तरीपुढे करारनामा ठेवला की दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागत नाही. आपल्याकडे शब्दावर काम चालतं.

पाणसळ
स्टॅम्प पेपर कुणी सांगितला? ठरलेलं सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवा, शेवटी "दादा, बरोबर आहे ना?" आणि त्याचं "हो ताई" आलं की झालं. भांडणासाठी नाही. दोघांच्याही लक्षात राहतं. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तोंडी शब्दापेक्षा हे नक्कीच बरं.

कळण्याची_भाकरी
हे चालेल. पण दहा टक्के महिनाभर कोणी ठेवू देईल असं वाटत नाही. पाच म्हणा, जमेल.

गिरणाकाठ
लोड बेअरिंग म्हणालात म्हणून एक राहिलं. भिंती कशात बांधल्यात? जुन्या घरांत मातीतली जुडाई असते, वरून फक्त सिमेंटचं प्लास्टर. अशा भिंतीत आडवे लांब खाचे मारायचे नाहीत. उभा खाचा फार तर जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आडवा सहाव्या हिश्श्याच्या आत, म्हणजे ९ इंची भिंतीत दीड इंच. साडेचार इंची पडदीत पाइप पुरूच नका, बाहेरून न्या. भिंतीला टांगायचा कमोड आणि मोठा गीझर दोन्ही मातीच्या भिंतीवर नको. ठेकेदाराने एका ठिकाणी प्लास्टर खरवडून भिंत बघितली का, हा प्रश्न विचारायला विसरू नका.

आणि वरचा पाइप खाली ज्या चेंबरला मिळतो तेही उघडून बघा. काळ्या मातीत चेंबर उन्हाळ्या-पावसाळ्यात वरखाली होतो आणि त्याच्या तोंडाशीच पाइप तुटतो. वरचं बाथरूम नवं होतं आणि पाया मात्र पाणी पीत राहतो. पाइपखाली माती काढून मुरूम भरून घ्या.

वायरमन_धुळे
सोलर वॉटर हीटर असेल तर गीझरच्या थंड पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, नाहीतर गरम पाणी उलटं टाकीत जातं.

भरीत_पार्टी
मे महिन्यात आमच्या दोन्ही नळांना गरमच येतं, सोलर न लावता. व्हॉल्व्ह कुठे टाकू?

अंजनी
टाकीवर शेडनेट टाका.

सातपुडा_एक्सप्रेस
मूळ प्रश्नाकडे येतो. तीनमधला कोण? ताई रोज नसतील, म्हणून नुसत्या मजुरीवरचा दुसरा अवघड. माल संपला की तो बसून राहणार, आणि आप्पांना भर दुपारी वाळूसाठी धावावं लागणार. तिसऱ्याला प्लंबिंग कोण करणार ते विचारा. बहुतेक वेळा तो फरशीवाला असतो आणि प्लंबर "बघू" असतो. पहिल्याला हा सगळा कागद पाठवा. रकाने भरून दिले आणि तुंबवण्याच्या चाचणीला तयार झाला तर एकरकमीतला तोच बरा, फक्त नळ, भांडी आणि टाइल्स तुम्ही घ्या. ज्या दिवशी पाइप आणि कोटिंग, त्या दिवशी नाशिकहून या. टाइल्सच्या दिवशी नाही आलात तरी चालेल.

ओळंबा
सहमत. फक्त पहिल्याला विचारा, साइटवर स्वतः कोण असणार? नाव हवं. तीन साइट एकदम चालवणारा ठेकेदार सकाळी तोंड दाखवून जातो.

केळफूल
सगळ्यांचे खूप आभार. पहिल्याला कागद पाठवला. वॉटरप्रूफिंगच्या रकान्यात आधी "केमिकल" लिहिलं होतं, परत पाठवल्यावर मालाचं नाव आणि किलो लिहून आले. मलब्यासाठी वेगळे पैसे वाढवलेत, ते ठीकच. शेवटचा प्रश्न: आप्पांना गुडघ्याचा त्रास आहे. दाराशी उंबरा नकोच म्हणतात. पाणी खोलीत येणार नाही असं करता येईल का? नाहणी आत्ता दाराच्या समोरच्या कोपऱ्यात आहे, तिरप्या अंतरावर.

पाणसळ
येईल, पण पातळ्या आधी ठरवा. ६ फुटाला १ इंच उतार धरा. तिरपं अंतर साडेआठ फूट, म्हणजे दार आणि नाहणीत साधारण दीड इंचाचा फरक. खोलीच्या फरशीपासून बाथरूमची फरशी दाराशी अर्धा इंच खाली घ्या आणि त्या अर्ध्या इंचाला ग्रॅनाइटची गोल घासलेली पट्टी. म्हणजे नाहणीची जाळी खोलीच्या फरशीपासून दोन इंच खाली येते. ही पातळी कोबा टाकण्याआधी भिंतीवर चारी बाजूंनी लेव्हल ट्यूबने रेघ मारून घ्या. खोलीची फरशी ते स्लॅब एवढ्या खोलीत नाहणी ट्रॅप, पाइपचा उतार आणि टाइलची जाडी बसते का, ते तोडफोड झाल्यावरच नक्की कळेल. ट्रॅप घेताना त्यात ५० मिमी पाणी थांबतं का ते बघा, उथळ घेतला तर वास येतो.

शॉवर दारापासून लांबच्या भिंतीला, दार बाहेर उघडणारं. आणि कमोडशेजारी धरायचा दांडा लागणार असेल तर आत्ताच सांगा. तिथल्या विटा काढून त्या जागी काँक्रीट भरावं लागेल. मातीच्या जुडाईत नुसता रावळ प्लग माणसाचं वजन धरत नाही.

केळफूल
दांडा हवाच. फरशीपासून किती उंचीवर?

पाणसळ
आडवा असेल तर २८ ते ३० इंच, पण आप्पांना कमोडच्या उंचीच्या खुर्चीवर बसवून उठताना हात कुठे जातो ते बघा आणि तिथे खूण करा. काँक्रीटचा पट्टा त्या खुणेच्या वर-खाली सहा-सहा इंच.